मोठ्या घराची मागची पडवी

आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, स्लायगो परगण्यात, लिसाडेल नावाचं एक घर आहे. राखाडी चुनखडकाचं, ग्रीक देवळाच्या घाटाचं आणि बाहेरून बघितलं तर काहीसं रुक्षच. फ्रान्सिस गुडविन या वास्तुकारानं ते १८३० ते १८३५ या काळात गोर-बूथ घराण्यासाठी बांधलं. कवी यीट्स इथं पाहुणा म्हणून राहून गेला. इथंच वाढलेली कॉन्स्टन्स पुढे काउंटेस मार्केव्हिच झाली, १९१६ च्या इंग्रजविरोधी उठावात हत्यार घेऊन उतरली आणि १९१८ साली ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आलेली पहिली स्त्री ठरली. २००३ साली गोर-बूथांनी हे घर विकायला काढलं. सरकारनं ते घ्यावं अशी मागणी झाली, पण सरकारनं घेतलं नाही. घेतलं ते एडवर्ड वॉल्श आणि कॉन्स्टन्स कॅसिडी या बॅरिस्टर जोडप्यानं. त्यांना मुलं सात.

सात मुलांचं घर म्हणजे काय ते सांगायला नको. चिखलाचे बूट, दप्तरं, धुण्याचा ढीग, सकाळी न्हाणीघरापुढची रांग आणि दिवसभर काही ना काही शिजत असलेलं स्वयंपाकघर. हा सगळा पसारा अशा घरात बसवायचा, जिथं जेवणघराच्या भिंतीतल्या खांबांवर काउंटेसच्या नवऱ्यानं, कासिमिर मार्केव्हिचनं, घरच्या माणसांची आणि नोकरांची उभी चित्रं रंगवून ठेवली आहेत. त्यात बटलर आहे, शिकारीच्या रानाचा राखणदार आहे. अशा भिंतीवर खिळा ठोकायचा तर हात अडखळतोच.

आयर्लंडमध्ये अशा घरांना नुसतं ‘बिग हाउस’ म्हणतात, मोठं घर. या शब्दात आदर कमी आणि अंतर जास्त. मोठ्या घरातले बहुतेक अँग्लो-आयरिश आणि प्रॉटेस्टंट, भोवतालची कुळं कॅथलिक, आणि घर चालायचं ते कुळांच्या खंडावर. १९०३ च्या विंडहॅम कायद्यानं कुळांना सरकारी कर्जावर जमिनी विकत घेता येऊ लागल्या. कोकणात खोती गेल्यावर आणि कूळकायदा आल्यावर चौसोपी घरांचं जे झालं तेच तिथं झालं. उत्पन्न गेलं, शाकारायचं छप्पर मात्र तेवढंच राहिलं. वर आगी लागल्या त्या वेगळ्याच. १९२० ते १९२३ या स्वातंत्र्ययुद्धाच्या आणि यादवीच्या काळात सुमारे २७५ मोठी घरं जाळली गेली. मेयो परगण्यातलं मूर हॉल १ फेब्रुवारी १९२३ ला जळलं. त्याच्या उघड्या भिंती तळ्याकाठच्या झाडीत अजून उभ्या आहेत.

आगीतून वाचलेल्यांपैकी कित्येक घरं मालकांनीच मारली. घरपट्टी लागायची ती छपराला. नुसत्या भिंती उभ्या असतील तर पट्टी नाही. मग लोकांनी स्लेटची कौलं आणि शिसं उतरवून विकलं, पुढचं काम पावसानं केलं. ही घरपट्टी रद्द व्हायला १९७८ साल उजाडावं लागलं. कादंबरीकार एलिझाबेथ बोवेन हिला कॉर्क परगण्यातलं बोवेन्स कोर्ट हे वडिलोपार्जित घर १९३० साली वारशानं मिळालं. तिनं ते जवळजवळ तीस वर्षं ओढलं आणि १९५९ मध्ये विकलं. घेणारा मुलाबाळांसह तिथं राहील असं तिला वाटलं होतं. त्यानं लवकरच घर पाडलं.

वारं फिरायला सुरुवात झाली ती १९५८ पासून. त्या वर्षी डेस्मंड गिनेस आणि त्याची बायको मारिगा यांनी आयरिश जॉर्जियन सोसायटी काढली. १९६७ मध्ये गिनेसनं किल्डेअरमधलं कॅसलटाउन विकत घेतलं. आयरिश पार्लमेंटचा सभापती विल्यम कॉनली याच्यासाठी १७२२ च्या सुमारास बांधायला घेतलेलं हे घर तेव्हा रिकामं पडलं होतं आणि पोरांनी त्याच्या खिडक्या फोडायला घेतल्या होत्या. आज ते सरकारकडे आहे, नीट राखलेलं आहे आणि तिथं कुणी राहत नाही. सगळीच घरं अशी सरकारच्या पदरात घालता येत नाहीत. सरकारचा पदर तेवढा मोठा नाही, हे लिसाडेलनं दाखवूनच दिलं. उरलेल्या घरांत माणसानं राहायलाच हवं. आणि राहायचं तर घर बदलावं लागतं. किती आणि कुठं, खरा वाद एवढाच आहे.

काम सुरू होतं छपरावरून, आणि छपरातही पन्हळीपासून. जॉर्जियन घरात, म्हणजे अठराव्या शतकाच्या धाटणीच्या घरात, छपराची पाखं खालून दिसू नयेत म्हणून भोवती दगडी कठडा घातलेला असतो. त्या कठड्याच्या आत शिशाच्या पत्र्यानं मढवलेली लपलेली पन्हळ. दिसायला देखणी रचना, पण ती तुंबली की पाणी बाहेर सांडत नाही, थेट भिंतीत उतरतं. तुंबायला फार काही लागत नाही. बीचची पानं, एखादं मेलेलं कबूतर आणि जॅकडॉ नावाच्या छोट्या कावळ्यानं गोळा केलेल्या काटक्या. हा जॅकडॉ धुराड्यांतही घरटी करतो, आणि धुराडी बुजली की घरातली हवा कोंडते.

भिंतीत उतरलेलं पाणी तुळयांच्या टोकांना लागतं. तुळईचं टोक दगडात खोचलेलं असतं, ते कुणाला दिसत नाही. तिथं वीस टक्क्यांच्या वर ओल टिकली की ड्राय रॉट नावाची बुरशी धरते. शास्त्रीय नाव सर्पुला लॅक्रिमन्स. ती वीट-दगडावरूनही धागे पसरत कोरड्या लाकडापर्यंत पोहोचते आणि लाकूड चौकोनी तुकड्यांत फुटतं, बोटानं चुरगळता येतं. गंमत म्हणजे युरोपच्या घरांना छळणाऱ्या या बुरशीचं रानटी रूप आपल्या हिमालयातल्या जंगलात सापडलं आहे. जुन्या घराची पाहणी करणारा माणूस एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात बारीक टोच्या घेऊन तुळयांची टोकं टोचत फिरतो, तो यासाठी. टोच्या सहज आत गेला की घरमालकाचा चेहरा पडतो.

आता भिंतीकडे येऊ. जुनी आयरिश भिंत ६०० मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड असते. दोन्ही अंगांना दगड, मधे खडी-चुन्याची भर, वरून चुन्याचा गिलावा. ही भिंत पाणी अडवत नाही. पावसात थोडं पिते आणि वाऱ्यात सोडते, आपल्या माठासारखी. माठाला बाहेरून ऑइलपेंट फासला तर काय होईल ते आपल्याला कळतं. विसाव्या शतकात आयर्लंडमध्ये हजारो घरांना नेमकं हेच झालं, फक्त ऑइलपेंटच्या जागी सिमेंट आलं. दगडांच्या दरजा सिमेंटनं भरल्या, चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा चढवला. सिमेंट कडक असतं आणि जुनी भिंत ऋतूंबरोबर किंचित हलत असते. केसाएवढी भेग पडते, तीतून पाणी शिरतं आणि बाहेर यायला वाट नसल्यानं आत साचत जातं. ‘ओल येऊ नये म्हणून’ केलेला गिलावाच ओल धरून ठेवतो.

त्यामुळे जाणकाराचा पहिला सल्ला बहुधा काहीतरी काढून टाकण्याचा असतो. सिमेंट काढा, पन्हळी मोकळ्या करा, भिंतीलगत वर आलेली माती उपसा, धुराडी उघडा आणि थांबा. जाड भिंत महिन्याला साधारण एक इंच वाळते, असा तिकडच्या कामगारांचा आडाखा आहे. म्हणजे दोन फुटी भिंत दोन्ही अंगांनी वाळली तरी वर्ष गेलं. भाड्याच्या घरात राहून भाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरणाऱ्या कुटुंबाला हे वर्ष फार जड जातं, आणि बहुतेक चुका या वर्षातच होतात.

चुना मात्र आपल्या ओळखीचा. आपल्याकडे घाणीत मळताना त्यात गूळ, बेलफळ, हिरड्याचं पाणी घालत. तिकडे पावसाला दाद देऊ नये म्हणून सफेदीच्या चुन्यात जनावराची चरबी कालवत. चुनखडकाचा देश असल्यानं चुन्याच्या भट्ट्या गावोगाव होत्या, त्यांचे दगडी गोल अवशेष शेतांच्या कडेला अजून दिसतात. ताजा गिलावा ओल्या गोणपाटानं झाकायची रीतही दोन्हीकडे आहे. आपल्याकडे ती उन्हाच्या धास्तीनं आणि तिकडे वाऱ्याच्या. शिवाय तिकडे गारठ्याची भीती. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश पुन्हा दगड होतो. तो पुरता धरण्याआधी गोठला तर भुगा होतो. म्हणून बाहेरचं चुन्याचं काम साधारण एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांतच उरकतात.

भिंत वाळली की प्रश्न उबेचा. चौदा फूट उंचीची दालनं, सरकत्या सॅश खिडक्या आणि जानेवारीतलं अटलांटिकवरचं वारं. पहिल्या झटक्यात खिडक्या काढून दुहेरी काचेच्या प्लॅस्टिक खिडक्या बसवाव्यात असं कुणालाही वाटेल. आयर्लंडमध्ये सुबत्तेच्या काळात लोकांनी त्या बसवल्याही, आणि गावंच्या गावं विद्रूप केली. जुनी सॅश खिडकी म्हणजे सुतारकामाचा नमुना असतो. चौकटीच्या पोकळीत दोरीला बांधलेली लोखंडी वजनं, पुलीवरून जाणारी दोरी, दोनशे वर्षं टिकलेलं घट्ट शिरांचं बाल्टिक पाइन आणि फुंकून केलेली किंचित लाटदार काच. तिच्या फटी ब्रशच्या पट्टीनं बुजवता येतात. आणि आतल्या लाकडी झडपा? २००८ साली स्कॉटलंडमध्ये जुन्या खिडक्यांची रीतसर चाचणी झाली. नुसत्या झडपा लावल्या तर काचेतून जाणारी उष्णता ५१ टक्क्यांनी कमी होते आणि आतून दुसरी काच बसवली तर ६३ टक्क्यांनी, असं निघालं. जाड पडद्यानं फक्त १४. संध्याकाळी झडपा लावायला नोकर असत तेव्हा ही सोय फुकट होती. आता ते काम मुलांकडे.

माळ्यावर मेंढीच्या लोकरीचा जाड थर घालणं हे सगळ्यांत स्वस्त आणि निर्धोक काम. वळचणीची हवा तेवढी मोकळी ठेवायची. भिंतीला आतून अस्तर करणं मात्र धोक्याचं. फोमची पाटी चिकटवली की खोली उबदार होते आणि दगड थंड पडतो. घरातली वाफ त्या थंड दगडावर पाणी होऊन बसते आणि पुन्हा तुळयांच्या टोकांशी गाठ. म्हणून भांगेच्या काड्यांचा चुरा चुन्यात कालवून केलेला गिलावा, बुचाचा चुरा घातलेला चुना किंवा लाकडाच्या तंतूंच्या पाट्या वापरतात, आणि त्याही बेताच्या जाडीच्या.

तरीही एक गोष्ट जुन्या घराला काही केल्या जमत नाही. स्वयंपाकघर. मोठ्या घरात ते माणसांपासून मुद्दाम दूर ठेवलेलं असे, तळघरात नाहीतर वेगळ्या सोप्यात. कॅसलटाउनमध्ये तर ते पश्चिमेच्या स्वतंत्र सोप्यात आहे. रस्सा तिथून खांबांच्या ओवरीमागून मुख्य घरात यायचा, टेबलावर किती गरम पोचत असेल ते एक बटलरच जाणे. आजच्या घरातलं सगळं स्वयंपाकघराभोवती फिरतं. अभ्यास, भांडणं, पाहुणे, सगळं तिथंच. त्यासाठी उजेड हवा, बागेत उघडणारं दार हवं आणि फरशीखालून ऊब हवी. या तीन गोष्टी १७६० च्या घरात कोंबायला गेलं की नक्षीदार छत फोडावं लागतं. त्यापेक्षा मागे पडवी काढावी.

कोकणात कुणी ‘मागे पडवी काढली’ म्हणतो तेव्हा त्यात फार वास्तुशास्त्र नसतं. पण रीत असते. पडवी मागे असते, मूळ घरापेक्षा ठेंगणी असते आणि घराचा कणा मोडून कुणी पडवी काढत नाही. आयर्लंडमधला चांगला वास्तुकारही याच रीतीनं जातो, फक्त शब्द भारी वापरतो. वाढ घोडागाडीच्या आवाराच्या बाजूला घ्यायची, दर्शनी बाजूला नाही. नवीन दार पाडायचं तर आहे त्या खिडकीचा खालचा दगड उतरवून तिचंच दार करायचं, म्हणजे उद्या पुन्हा भिंत घालून खिडकी करता येते. जुन्या-नव्याच्या मधे एक अरुंद, ठेंगणा, बहुधा काचेचा बोळ ठेवायचा. आणि नवीन बांधकाम नवीनच दिसू द्यायचं. १९६४ च्या व्हेनिस सनदेनं हे शेवटचं तत्त्व जगभर रूढ केलं.

या तत्त्वाचा हल्ली थोडा कर्मठपणा झाला आहे, असं मला वाटतं. जुन्या घरामागे काचेची पेटी ठेवली की पुढचं कुणी विचारत नाही. जुलैत ती तापते, डिसेंबरात गारठते आणि तिच्या सपाट छपरावरचं पाणी कुठं जाणार याचा विचार आठव्या बैठकीत होतो. मात्र काच ही आजची टूम आहे, असं म्हणणारेही चुकतात. लीशमधल्या बॅलिफिन या घराला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात काच-लोखंडाचं नाजूक उपवनगृह जोडलं गेलं. ते रिचर्ड टर्नरचं, म्हणजे डब्लिनच्या ग्लासनेव्हिन आणि लंडनच्या क्यू उद्यानातली काचघरं घडवणाऱ्या लोहाराचं. आज तेच सगळ्यात जास्त जपलं जातं. वेस्टमीथमधल्या टलिनॅली किल्ल्यात तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच रिचर्ड लव्हेल एजवर्थनं उष्ण हवेची यंत्रणा बसवली होती. लिसाडेलला स्वतःच्या गॅसची सोय होती. ज्यांना आपण ‘मूळ’ म्हणतो ते मालक त्यांच्या काळात कमालीचे आधुनिक होते. मध्ययुगीन मनोऱ्याला जॉर्जियन घर चिकटलेलं आणि त्याला व्हिक्टोरियन सोपा, अशी तीन पिढ्यांची गाठोडी आयर्लंडभर दिसतात.

आज मात्र मालकाला हवं ते करता येत नाही. १९९९ मध्ये कायदा झाला आणि २००० च्या नियोजन कायद्यात तो सामावला गेला. तेव्हापासून प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाकडे संरक्षित वास्तूंची नोंदवही असते. नोंदवहीत घर आलं की त्याचं अंतरंग, आवार आणि आवारातली जुनी बांधकामंही संरक्षणात येतात. साध्या आयरिश घराला मागच्या बाजूला ४० चौरस मीटरपर्यंतची वाढ परवानगीशिवाय करता येते. संरक्षित घराचं रूप बदलणार असेल तर ही सवलत नाही, मग न्हाणीघराची भिंत हलवायलाही अर्ज. मात्र एक सोय चांगली आहे. काय केलेलं चालेल आणि काय नाही, हे मालक आधीच लेखी विचारू शकतो आणि प्राधिकरणानं लेखी उत्तर द्यायचं असतं. काम हाती घेण्यापूर्वी हा कागद मिळवणारे पुढचे मनस्ताप टाळतात. घर मोडकळीला येऊ देणं हाही गुन्हाच आहे. १९५९ मध्ये हा कायदा असता तर बोवेन्स कोर्ट उभं असतं.

माळ्यावरचे भाडेकरू हा वेगळाच विषय. आयर्लंडमध्ये वटवाघळांच्या नऊ जाती राहतात आणि सगळ्या कायद्यानं संरक्षित आहेत. जळलेल्या मूर हॉलमध्ये आज नालाकृती नाकाच्या छोट्या वटवाघळांची मोठी वस्ती आहे, जमीनदार गेले आणि ती आली. माळ्यावर मादी पिलांसह असेल तर छपराचं काम उन्हाळाभर थांबतं. आणि आयर्लंडमध्ये छप्पर उघडायला उन्हाळ्याशिवाय दुसरा मुहूर्त नाही. पाच ग्रॅम वजनाचा प्राणी लाखो युरोंचं वेळापत्रक कोलमडवतो. छप्पर उतरवायच्या आधीच्या वर्षी वटवाघळांची पाहणी करून घेणं हाच यावर उपाय.

पैशाचं काय? १९८२ पासून एक करसवलत आहे. महत्त्वाच्या घराच्या दुरुस्तीचा खर्च मालकाच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतो, बदल्यात वर्षातले किमान ६० दिवस घर लोकांना बघायला खुलं ठेवायचं. त्यातले ४० दिवस मे ते सप्टेंबरमधले हवेत. म्हणजे मुलं नाश्ता करत असताना ओसरीतून चाळीस अनोळखी माणसं चपला घासत जाणार, याची तयारी ठेवायची. लहान घरांसाठी वेगळी मदत आहे. मे २०२३ मध्ये, म्हणजे मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी नाळ असलेले लिओ वराडकर पंतप्रधान असताना, ओस पडलेलं घर दुरुस्त करण्याचं अनुदान ५०,००० युरोंपर्यंत वाढवलं गेलं. घर पडीक असेल तर ७०,०००. अट अशी की घर किमान दोन वर्षं रिकामं असावं, २००७ पर्यंत बांधलेलं असावं आणि दुरुस्त झाल्यावर त्यात कुणीतरी राहावं. पाच वर्षांच्या आत विकलं तर सगळे पैसे परत. वराडकर २०१९ च्या डिसेंबरात पंतप्रधान म्हणूनच वराडला आपलं वडिलोपार्जित घर बघायला आले होते. आपल्या कोकणातल्या कुलूपबंद घरांसाठी अशी अट घालून पैसे देणारी योजना कुणी आणली, तर ती कागदावर उतरवायला आयरिश नमुना तयार आहे.

तोवर एक विनंती. गावाकडच्या घराच्या भिंतीला ओल आली म्हणून तुम्ही सिमेंटच्या गिलाव्याचा अंदाज मागवला असेल, तर गवंड्याला हो म्हणण्याआधी वळचणीला शिडी लावा, भर पावसात वर चढून पाणी कुठून उतरतंय ते स्वतः बघा. पन्हळ साफ करा, जोत्याशी साचलेली माती काढा आणि गिलाव्याचा विषय एक उन्हाळा गेल्यावर पुन्हा काढा.